प्रिंटर नेमका कोणाचे ऐकतो?

दुपारी लाइट जाते, अर्ध्या तासाने येते. पंखे फिरू लागतात, राउटरचे दिवे लुकलुकतात आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रिंटरच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ असा शिक्का उमटतो. प्रिंटर तर समोर चालू आहे, कागद आहे, टोनर आहे. तहसील कचेरीबाहेरच्या सेवा केंद्रापासून सीएच्या ऑफिसापर्यंत हे कुठेही घडते आणि त्यावरचा उद्गारही ठरलेला: ‘ही कंपनीच भंगार. पुढच्या वेळी दुसरी घेऊ.’ आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कारण बहुतेक वेळा कंपनी नसते, पत्ता असतो. लाइट गेल्यावर राउटरही बंद पडतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर भोवतालच्या यंत्रांना आयपी पत्ते नव्याने वाटू लागतो. काल प्रिंटरकडे असलेला पत्ता आज कुणाच्या तरी मोबाइलला मिळू शकतो. कॉम्प्युटरला याची खबर नसते. भाडेकरू खोली सोडून गेला तरी पोस्टमनने जुन्याच दारावर थापा मारत राहाव्यात, तसा तो जुन्या पत्त्यावर कामे पाठवत राहतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा आणि विंडोजमध्ये त्याच पत्त्यावर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार करायचा. विंडोज आपल्या मर्जीने जो ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट निवडते, तो सोयीचा दिसतो, पण प्रिंटर हरवण्याच्या तक्रारी त्याच्याच वाट्याला जास्त येतात.

प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घेतले तर निम्मे निदान तिथेच होते. त्यावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरशी त्याची गाठच पडलेली नाही. पत्ता ठीक असेल, तर फोन किंवा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर तर नाही ना, हे पाहावे. बरेच राउटर पाहुण्यांना घरातली यंत्रे दिसू देत नाहीत. स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय ओळखतात, हेही लक्षात असू द्यावे. आणि एखादे काम रांगेत अडकून पडले असेल, तर विंडोजची ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी.

आपल्याकडची खरी भानगड मात्र वेगळीच आहे. इथल्या असंख्य ऑफिसांत ज्याला ‘नेटवर्क प्रिंटर’ म्हणतात, तो नेटवर्क प्रिंटर नसतोच. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२०, दोन्ही दणकट, वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणारे, झेरॉक्सच्या दुकानांचे आधारस्तंभ. पण दोघांनाही फक्त यूएसबीची वायर लागते. मग तो प्रिंटर हेडक्लार्कच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि तिथून बाकीच्यांना ‘शेअर’ करायचा, ही आपली पद्धत. हेडक्लार्क रजेवर, कॉम्प्युटर बंद, की सगळ्या विभागाची छपाई बंद. शिवाय हे दोन्ही प्रिंटर स्वतः फारसा विचार करत नाहीत. पान कसे उमटवायचे याचे बरेचसे काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हरच करतो. विंडोज बदलली, की आधी ड्रायव्हर शोधत फिरणे आले.

या शेअरिंगला २०२१ साली मोठा दणका बसला. विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर त्रुटी सापडली. तिच्या पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने छपाईच्या यंत्रणेवरचे निर्बंध एकामागून एक आवळले आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जगभरातल्या ऑफिसांत शेअर केलेले प्रिंटर शेवटी ‘११बी’ असलेला एक एरर दाखवून थांबले. प्रिंटर तोच, वायर तीच, काल छापलेले पानही नीट. दोष ना कॅननचा होता ना एचपीचा. लोकांनी मात्र यंत्रालाच शिव्या दिल्या आणि अपडेट काढून टाकून, म्हणजे सुरक्षेचे दार पुन्हा उघडे ठेवून, काम भागवले.

खरे तर नेटवर्क आणि प्रिंटर यांचे नाते जन्मापासूनचे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला. त्या एका महागड्या यंत्रापर्यंत सगळ्यांच्या कॉम्प्युटरना पोचता यावे, ही रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या इथरनेटमागची एक मोठी गरज होती. पुढे १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर मिळाला. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला, की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संदेश जायचा. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मात्र कंपनीने दिलाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या प्राध्यापकाकडे तो होता, त्यानेही कुणाला न देण्याचा शब्द दिला होता. या नकाराचा राग स्टॉलमन यांच्या मनातून गेला नाही. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. पैसे आपण मोजले, तरी यंत्र ऐकणार कुणाचे, हा त्यांचा सवाल प्रिंटर विकत घेताना आजही विचारण्यासारखा आहे.

ब्रँडची चर्चा खरी इथून सुरू व्हायला हवी. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या कित्येक ऑफिसजेट प्रिंटरनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज एकाएकी नाकारली. यंत्र बिघडले नव्हते, त्याला आतून तशी आज्ञा होती. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, पण धोरण सोडले नाही. अशा मर्यादांची ग्राहकांना स्पष्ट कल्पना दिली नाही, म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

उलट त्याच एचपीच्या १०२० ची गोष्ट पाहा. त्याचे आतले इंजिन कॅननचे. म्हणूनच त्याचे ‘१२ए’ कार्ट्रिज कॅननच्या २९०० मध्येही बसते. कार्ट्रिज भरून देणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो, ड्रम आणि ब्लेड सुटे मिळतात. हे प्रिंटर टिकले ते नुसत्या नावावर नव्हे. बाजारातला कुणीही कारागीर त्यांना उघडू शकतो, म्हणून टिकले. नावाची हमी तर अगदीच तकलादू. सॅमसंगने आपला प्रिंटरचा सारा धंदा एचपीला विकला, तो व्यवहार २०१७ मध्ये पूर्ण झाला आणि सॅमसंगचे नाव पाहून प्रिंटर घेणारे लोक ड्रायव्हरसाठी दुसऱ्याच कंपनीच्या दारी गेले.

शाईच्या टाकीचे प्रिंटर हा ग्राहकाच्या बाजूचा आणखी एक दाखला. कार्ट्रिजच्या किमतीला कंटाळून लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडू लागले होते. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला, मग तो भारतातही आला. कॅनन आणि एचपी पाठोपाठ आलेच. लोकांचा जुगाड कंपन्यांना स्वीकारावा लागला, असे दर वेळी घडत नाही.

मग घ्यावे काय? रोज रंगीत छपाई असेल, म्हणजे शाळा, क्लास, छोटे स्टुडिओ, तर शाईची टाकी परवडते. फक्त वाया जाणाऱ्या शाईचा पॅड किंवा डबा भरल्यावर तो आपल्याला बदलता येतो का, हे घेण्याआधी विचारावे. महिन्यातून चार पाने छापणाऱ्या घरात शाई सुकते, तिथे काळा-पांढरा लेझरच बरा. ऑफिसाला लेझर हवा आणि त्याच्या पाठीमागे लॅनच्या वायरची जागा हवीच. वायफायचे गोडवे दुकानदाराने कितीही गायले तरी हट्ट सोडू नये. ब्रदरच्या लेझरमध्ये टोनर आणि ड्रम वेगळे असतात, म्हणजे एक संपल्यावर दुसरा फेकावा लागत नाही. हा मुद्दा जाहिरातीत कमी आणि हिशेबात जास्त दिसतो. खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘मोप्रिया’ लिहिले आहे का, तेही पाहावे. असा प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरवाचून चालतो, आणि कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केले आहे. इंटरनेट आणि कंपनीचे खाते यांच्याशिवाय सुरूच न होणारा स्वस्त प्रिंटर मात्र दुकानातच राहू द्यावा.

सरकारी कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायतींची खरेदी मार्चअखेर घाईघाईत उरकली जाते आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. तो दर यंत्राचा असतो, छापलेल्या पानाचा नसतो. खरेदी समित्यांनी या वर्षी मागणीपत्रात तीन ओळी वाढवाव्यात: लॅन पोर्ट असावा, दर पानाचा खर्च लेखी द्यावा आणि बाहेरून भरलेले कार्ट्रिज प्रिंटरने नाकारू नये.