मास्तर होऊन पिच्चर दाखवता?

“मास्तर होके बच्चों को पिच्चर दिखाते?” नात्यातल्या एका चाचांनी ईदच्या दिवशी सगळ्यांसमोर मला विचारलं. त्यांच्या हातातल्या मोबाईलवर तेव्हा कुठल्याशा चर्चेचा आरडाओरडा चालू होता. वयाचा मान ठेवून मी गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

घरात काही आणायचंच नाही, हे आता आपल्या हातात नाही. मोबाईल ते खिशातून आणतोच. सप्टेंबर २०२३मध्ये आमच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीत, समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. तिथे सिनेमा लागला नाही, मोबाईल पुरला. म्हणून मुलांनी काय बघू नये हे सांगण्याबरोबर काय बघावं हेही आपणच सांगायला हवं, आणि शेजारी बसून बघायला हवं. मी चार नावं सुचवतो.

पहिला सिनेमा इराणी, अब्बास किआरोस्तामींचा, १९८७चा. नावाचा अर्थ ‘दोस्ताचं घर कुठे आहे?’ अहमद नावाच्या पोराकडून वर्गमित्राची वही चुकून घरी येते. पुन्हा वहीत अभ्यास दिसला नाही तर शाळेतून काढीन, असं मास्तरांनी त्या मित्राला बजावलेलं असतं. अहमद वही घेऊन शेजारच्या गावात त्याचं घर शोधत पळत सुटतो. गोष्ट एवढीच. फारसीत घराला ‘खाना’, तोच आपल्या दवाखान्यातला. आणि वहीला ‘दफ्तर’. माझी मुलगी ओरडलीच, “अब्बा, हे तर आपलं दप्तर!” सांगलीतल्या कुठल्याही मराठी पोराला हे शब्द ओळखीचे वाटतील. मला मात्र त्यातले मास्तर ओळखीचे वाटले. वही नाही म्हणून मीही एका मुलाला तासभर दारात उभं केलं होतं. का नाही, हे विचारलं नव्हतं.

दुसरा माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७चा. अलीकडून बहिणीचे बूट हरवतात. बापाला सांगायची सोय नाही, म्हणून बहीण-भाऊ एकाच जोडीवर आळीपाळीने शाळा करतात. त्यात एक छोटा प्रसंग आहे. बाप मशिदीची साखर फोडत बसलाय, समोर बिनसाखरेचा चहा, तरी त्यातला एक खडा तो उचलत नाही. अमानत म्हणजे काय यावर मी वर्गात पुष्कळ बोललो असेन, इतकं नीट कधी सांगता आलं नाही.

तिसरा एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’. हा थोड्या मोठ्या मुलांसाठी. आग्र्याचे सलीम मिर्झा बुटांचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानला जातो, हवेली जाते, धंदा बसतो, तरी त्यांचा पाय निघत नाही. बलराज साहनींची ही शेवटच्या काळातली भूमिका. ‘तुम्ही तिकडे का नाही गेलात?’ हा प्रश्न ज्या मुलांना आजही ऐकावा लागतो, त्यांनी हा बघावाच. तो विचारणाऱ्यांनी आधी बघावा.

चौथा आपल्या मातीतला, अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’, १९९५चा. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. औंध संस्थानाच्या काळात माणदेशातल्या धनगरवाडीत एक तरुण मास्तर येतो, तेव्हा शाळा आहे पण पोरं नाहीत. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, आणि मग दुष्काळ येतो. माण, खटाव, आटपाडीकडच्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

इराणी सिनेमांना बहुधा इंग्रजी उपशीर्षकं असतात. मी ती मराठीत मोठ्याने सांगत जातो, अडलं की थांबवतो. दोन्ही दीड तासाच्या आत संपतात. शेजारच्या घरातल्या मुलांनाही बोलवा. बातम्यांत आणि हल्लीच्या कित्येक सिनेमांत मुसलमान दिसला की हातात काहीतरी हत्यार असतं. त्या मुलांना अलीच्या हातात फाटका बूट आणि अहमदच्या हातात मित्राची वही बघू द्या. आपल्या मुलांनाही ते बघायची तितकीच गरज आहे.

येत्या रविवारी मी चाचांना चहाला बोलावलंय. साखरेचा तो प्रसंग त्यांना दाखवायचा आहे.