पांढऱ्या पानांचा मोह

कृष्णधवल अवरक्त फिल्म कोणती घ्यावी, असे विचारणारे अनेक जण कोडॅकच्या एचआयई फिल्मवर काढलेली जुनी छायाचित्रे पाहून आलेले असतात. पांढरीशुभ्र पाने, काळे आकाश, उजळ भागांभोवती पसरलेले धुकट तेज. त्या तेजासाठी मुदत संपलेले रोल शोधणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की तो नाद सोडा.

ते तेज मुळात अवरक्त प्रकाशाचे नव्हते. फिल्ममधून आरपार गेलेला उजेड उलटून परत येऊ नये म्हणून इतर फिल्मना एक थर दिलेला असतो. एचआयईला तो नव्हता. तिची खरी ताकद होती सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपण्याची. २००७ मध्ये ती बंद झाली. अवरक्त फिल्म नुसती पडून राहिली तरी धूसर होत जाते. मग इतक्या वर्षांच्या जुन्या रोलचा भरवसा कोण देणार?

आज सहज विचारात घ्याव्यात अशा दोन फिल्म आहेत: इलफर्ड एसएफएक्स २०० आणि रोलाय इन्फ्रारेड ४००. त्यांच्यातली निवड ही साधी वजाबाकी आहे. एसएफएक्सला साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंत दिसते, रोलायला ८२० पर्यंत. ७२० चा फिल्टर लावला, की त्याच्या अलीकडचा बहुतेक प्रकाश अडतो. एसएफएक्सच्या हाती जेमतेम २० नॅनोमीटरची फट उरते, रोलायच्या हाती १०० ची. म्हणून एसएफएक्सवर झाडे उजळतात, पण रोलायइतकी पांढरी होत नाहीत. आणि हौसेने ८५० चा फिल्टर घेतला, तर दोन्ही फिल्म आंधळ्याच.

ज्याला पांढरी पानेच हवीत, त्याने रोलाय आणि ७२० चा फिल्टर घ्यावा. सोबत ट्रायपॉड हवाच, कारण फिल्टरमागे ४०० ची फिल्म १२ च्या आसपास उतरते. कॅमेऱ्याचा मीटर अवरक्त प्रकाश नीट मोजत नाही, म्हणून एकाच दृश्याच्या तीन-चार फ्रेम वेगवेगळ्या वेळा देऊन घ्याव्यात. रोल उन्हात भरू नये. तिच्या पारदर्शक पट्टीतून उजेड आत शिरतो. ज्याला गडद आकाश पुरेसे आहे आणि कॅमेरा हातात धरून फिरायचे आहे, त्याने एसएफएक्स आणि साधा लाल फिल्टर घ्यावा.

फिल्मइतकाच महिनाही महत्त्वाचा. पानांच्या पेशी अवरक्त प्रकाश परतवतात, पण तो यायला ऊन लागते. सह्याद्रीत आषाढात हिरवाई असते पण ऊन नसते. वैशाखात ऊन असते, हिरवाई नसते. दोन्ही एकत्र मिळतात ती भाद्रपद-आश्विनात, पाऊस ओसरल्यावर.

माणसांचे चेहरे मात्र या प्रकाशात टिपू नयेत, असे माझे मत आहे. सावळी त्वचाही मेणासारखी फिकट होते. गोरेपणाचे वेड आपल्या समाजात आधीच कमी नाही. त्यात कॅमेऱ्याने भर घालण्याची गरज नाही. झाडांना पांढरे होऊ द्या, माणसांना त्यांच्या रंगात राहू द्या.