गोष्टीच्या तासाला मोबाइल नको, डफली हवी



ग्रंथालय म्हटलं की भिंतीवरची पाटी आठवते, 'शांतता राखा'. मोठ्या वाचकांसाठी ती योग्यच आहे. पण तीन ते आठ वर्षांची मुलं पुस्तकांशी ओळख करून घ्यायला येतात, त्या तासालाही हीच पाटी हवी का? माझं स्पष्ट मत आहे, नको. शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात आठवड्यातून एक तास तरी गोष्टीला प्रत्यक्ष वाद्याची साथ मिळाली पाहिजे.

हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. आपल्याकडे गोष्ट कायम वाद्यासोबतच सांगितली गेली. कीर्तनकाराचं आख्यान टाळ-मृदंगाशिवाय रंगत नाही. गोंधळी संबळ आणि तुणतुण्यावर कथा लावतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीनं चित्रकथी सादर करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. जरा विचार करा, हातात चित्र, तोंडात गोष्ट आणि साथीला वाद्य. चित्रमय पुस्तक घेऊन बसलेल्या बालवाडीच्या ताईंना याहून वेगळं काय करायचं असतं?

बाहेरच्या देशांतही हा विचार झालाच. 1936 साली मॉस्कोच्या बालनाट्यगृहासाठी, नताल्या सात्स यांच्या सांगण्यावरून, प्रोकोफिएव्ह या संगीतकारानं 'पीटर आणि लांडगा' ही संगीतकथा रचली. त्यात प्रत्येक पात्राला स्वतःचं वाद्य आहे. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, लांडग्याला तीन हॉर्न. निवेदकानं नाव घ्यायच्या आधीच मुलं आवाजावरून पात्र ओळखतात. आपल्याला एवढा वाद्यवृंद नको. डफली, घुंगरू, टाळ आणि खडे भरलेला डबा, एवढ्यावर भागतं.

'म्हातारी आणि भोपळा' घ्या. म्हातारीच्या काठीला टाळ, कोल्ह्याला घुंगरू, वाघाला डबा, आणि भोपळा निघाला की डफली. चार मुलांच्या हातात चार वाद्यं द्या, बाकीच्यांच्या टाळ्या. आता बघा काय होतं! आपली पाळी कधी येणार म्हणून प्रत्येक मूल कान देऊन ऐकतं. 'लक्ष द्या' असं ओरडावं लागत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या मुलांना वाद्यं द्यायची, म्हणजे कुणी रुसत नाही.

यात भाषेचा अभ्यासही आहे बरं का. 'भो-प-ळा' म्हणताना डफलीवर तीन थापा दिल्या, की शब्द तुकड्यांनी बनतो हे मुलाला हातानं कळतं. पुढे वाचायला शिकताना हीच जाण उपयोगी पडते.

कुणी म्हणेल, मोबाइलवर संगीतासकट तयार गोष्टी आहेत की! आहेत, आणि काही चांगल्याही आहेत. पण रेकॉर्डिंग थांबत नाही हो. वाघ आल्यावर एखादं लेकरू दचकलं, तर डबा हळू वाजवता येतो. कुणी मध्येच 'म्हातारीला भीती नाही वाटली?' असं विचारलं, तर वाद्य थांबवून त्यावर बोलता येतं. पडद्यासमोर मूल नुसतं बघतं. इथे ते गोष्ट घडवतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आपल्या वर्गात घरी वारली, कोरकू किंवा भिली बोलणारी मुलं असतात. पुस्तकातली मराठी त्यांना आधी परकी वाटते, म्हणून ती गप्प बसतात, आणि आपण त्यांना 'मंद' ठरवून मोकळे होतो. अशा मुलाला ठेका धरायला भाषा लागत नाही. गोष्टीत शिरायचं एक दार त्याला मिळतं. त्याचे वडील तारपा वाजवत असतील तर त्यांनाच बोलवा. जे पालक 'आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय' म्हणत शाळेच्या फाटकाबाहेर थांबतात, ते आपल्या लेकराच्या देखत मानानं ग्रंथालयात बसतील. ही गोष्ट लहान नाही.

'आम्हाला गाता येत नाही' ही अडचण मला खरी वाटत नाही. मुलांना सूर पक्का नको असतो, ठेका आणि उत्साह हवा असतो. 'अभ्यासक्रम कधी संपवायचा?' ही अडचण मात्र खरी आहे. पण गोष्टीचा तास हा भाषेचाच तास आहे, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पथ्यं तीनच. वाद्यानं शब्द झाकू नये. बंद खोलीत ढोल-ताशा नको, काही मुलांना मोठा आवाज सोसत नाही, त्यांना लांब बसायची मुभा द्या. आणि शेवटी तेच पुस्तक मुलांच्या हातात पडलंच पाहिजे. नाहीतर करमणूक झाली, वाचन राहिलं.

अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. येत्या शनिवारी ते उघडा, एक पुस्तक काढा, एक डफली आणा. पालकहो, तुमच्या घरात पेटी, ढोलकी, चिपळ्या धूळ खात असतील, तर त्या घेऊन एक तास शाळेत या. मुलं तुमची वाट बघतील.