मांजराचे पिल्लू आणण्यापूर्वी

परवा एक आजोबा नातीला दवाखान्यात घेऊन आले. घरात नव्याने आणलेल्या मांजराच्या पिल्लाने ओरबाडून तीन दिवस झाले होते. जखमेवर नुसती हळद! "एवढंसं पिल्लू, त्याने काय होतंय?" मी लगेच लस सुरू केली. वाचकहो, रेबीज मांजरामुळेही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून पिल्लू २ महिन्यांचे झाल्यावरच आईपासून आणावे; ३ महिन्यांचे होताच पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी. ओरबाडले वा चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पिल्लू जरूर पाळा. पण लस टोचायची तयारी नसेल तर आणूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे.