प्रश्नकर्ते पुष्कळ, उत्तरदायी कोण?

नीरा आणि भीमा यांच्या पाण्यावर वाढलेल्या बारामती व इंदापूर तालुक्यांना सहकार नवा नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी ही नावे उच्चारताच साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा डोळ्यांपुढे येतात. सभासदाने उभे राहून प्रश्न विचारावा, अध्यक्षांनी उत्तर द्यावे आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी, ही येथील संस्थाजीवनाची रीत. आज तोच सभासद दिवसभर पाच-दहा व्हॉट्सअ‍ॅप समूहांत वावरत असतो. उसाचा समूह वेगळा, द्राक्षाचा वेगळा, शाळेतील पालकांचा वेगळा, गणेश मंडळाचा वेगळा. प्रश्न विचारणे सोपे झाले, हे निर्विवाद. परंतु उत्तर देण्याचे दायित्व कोणावर, याचा विचार फारच थोड्या संस्थांनी केला आहे.

वस्तुतः हा विचार बारामतीत वीस वर्षांपूर्वीच झाला होता. २००३ च्या सुमारास मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी ‘आक्वा’ नावाची व्यवस्था उभी केली. ‘जवळजवळ सर्व प्रश्नांना उत्तर’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे ते लघुरूप. शेतकऱ्याने संगणक केंद्रावर जाऊन मराठीतून प्रश्न मांडावा, रोगट पानाचे छायाचित्र जोडावे आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी ती योजना. व्हॉट्सअ‍ॅपचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ते आले २००९ मध्ये. आक्वाचे तंत्र आज जुने वाटेल, पण तिची दोन तत्त्वे जुनी झालेली नाहीत. उत्तर कोण देणार हे ठरलेले होते. आणि दिलेले उत्तर साठवले जात होते, शोधता येत होते. एकाच्या डाळिंबावरील रोगाचे निदान दुसऱ्याच्याही कामी यावे, हाच तर सहकार!

दुसरा धडा वारणेचा. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या संगणकांवर बाजारभावापासून शिक्षणापर्यंत सारे काही मिळावे, असा मनोरथ होता. प्रत्यक्षात शेतकऱ्याला संगणक हवा होता तो मुख्यतः कारखान्याशी असलेल्या रोजच्या व्यवहारासाठी, म्हणजे ऊसतोड, वजन, खत यांसाठी. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत हीच माहिती भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने देऊन पाहिली, आणि शेतकऱ्यांनी ती पद्धत आपलीशी केली. साधन किती भव्य आहे, यावर त्याचा स्वीकार अवलंबून नसतो. रोजच्या गरजेशी त्याचे नाते जुळावे लागते.

गरजेशी नाते जुळले, पण जबाबदारी सुटली, तर काय होते? कोणी एक औषधाचे नाव समूहावर टाकतो, दुसरा ते दहा ठिकाणी धाडतो, आणि प्रमाण किती, काढणीपूर्वी किती दिवस आधी फवारायचे, हे विचारायला मूळ माणूस सापडत नाही. २०१० साली एका वाढनियंत्रकाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली होती; एवढीशी चूक किती महाग पडते, हे बागायतदारांना सांगणे नलगे. याहून भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून तेथे भटक्या समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने बळी घेतला. संदेश पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाला आपण समाजरक्षणच करीत आहोत, असे वाटत असेल. शहानिशा मात्र कोणाचेच काम नव्हते.

शिक्षणक्षेत्राचा अनुभवही हेच सांगतो. इंदापूर ओलांडून भीमेपलीकडे गेले की सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका लागतो. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतातून धडा थेट भ्रमणध्वनीवर आणणे, परदेशातील मुलांशी आपल्या मुलांचा संवाद घडविणे, हे त्यांचे कार्य. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अन्य नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. क्यूआर संकेत कोणालाही छापता येतो. त्यामागे असा शिक्षक उभा असावा लागतो. करोनाकाळात शाळा बंद असताना, जेथे शिक्षकांनी वह्या पाहिल्या आणि पालकांशी बोलणे ठेवले, तेथे मुले शिकत राहिली. जेथे समूहावर केवळ धडे पाठविले गेले, तेथे ते भ्रमणध्वनीतच राहिले.

आता बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहयोगाने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. उपग्रहाची छायाचित्रे आणि जमिनीतील संवेदक यांच्या आधारे पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या हाती येतो. २०२५ च्या प्रारंभी सत्या नाडेला यांनीही या प्रयोगाची प्रशंसा केली. अभिमानाचीच ही गोष्ट आहे. मात्र सल्ला चुकला तर विचारायचे कोणाला, हे येथेही आधी ठरलेले हवे.

काही जण म्हणतील, समूह म्हणजे अनौपचारिक गप्पांची जागा. तेथे नियम कशाला? गप्पांना नियम नकोतच. पण जेथे पिकाचा, मुलांच्या शिक्षणाचा वा संस्थेच्या निर्णयाचा प्रश्न येतो, तेथे तीन पथ्ये पाळलीच पाहिजेत. उत्तर देणाऱ्या जाणकाराचे नाव घोषित असावे. महत्त्वाची उत्तरे महिन्याअखेरीस वहीत वा संगणकावर संकलित व्हावीत. आणि निर्णय बैठकीतच व्हावा; समूहाने केवळ तिची सिद्धता करावी, कारण ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही तोही सभासदच आहे.

कार्यकर्त्याने आपल्या गावात, संस्थेत, वसाहतीत एवढे जरी घडविले, तरी ते थोडे नाही. शब्दाची जबाबदारी घेणारा माणूस समाजाला तेव्हाही हवा होता, आजही हवा आहे.