पिशवी आणि पेटी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे मोठमोठ्या प्रश्नांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. घरात जे पाहिले, तेवढेच मांडतो.

माझी मावशी वारली, काका त्याआधीच गेलेले. मागे राहिला आठ वर्षांचा मुलगा. तो आधी चुलत्याकडे राहिला, मग आत्याकडे, शेवटी आमच्याकडे आला. तिन्ही घरी त्याच्याबरोबर आली ती कापडदुकानाची एक पिशवी. आत दोन सदरे, एक चड्डी आणि आईचा फोटो.

आमच्याकडे त्याला कोणी उणे बोलले नाही. पण एके रात्री तो खोडरबराने अख्खी वही पुसताना दिसला. वही भरली होती आणि नवी मागायची त्याला भीती वाटत होती. मागणारे पोर घराला जड होते, हे तो दोन घरांत शिकून आला होता.

राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. मूल संस्थेत न राहता कुटुंबात वाढावे, हा तिचा हेतू. २०२३ साली तिचे मासिक अनुदान ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट. पण दाखले, बँकेचे खाते, चौकशी यांतून आमच्याकडे पहिला हप्ता येईपर्यंत शाळेचे वर्ष संपत आले होते. पोराची भूक आणि शाळेचा गणवेश मंजुरीची वाट पाहत नाहीत. शिवाय पैसे घरखर्चात मिसळतात. त्यात गैर काही नाही, पण पोराच्या हातात 'माझे' म्हणायला काय उरते?

आपण काय करतो? राष्ट्रीय सेवा योजनेतून दरवर्षी जुने कपडे गोळा करतो आणि बालगृहात नेऊन देतो. हेतू शुद्ध असेल, पण उतरलेले कपडे घालणाऱ्याला आपण कोणाचे तरी उरलेले आहोत, याची रोज आठवण होते. त्याऐवजी वर्षाला दहाच पेट्या द्याव्यात. पेटीत मापाचे नवे कपडे, चप्पल, वह्या, कंपास, चादर असावी, आणि वर कुलूप. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारणा केली, तर गरजू मुले कोणती ते कळेल. मूल उद्या दुसऱ्या घरी गेले, तर पेटीही त्याच्याबरोबर जावी.

अठरा वर्षे पुरी होताच बालगृहातून बाहेर पडणारेही आहेत. त्यांना आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. ती मुले आपल्याच वयाची आहेत. कदाचित आपल्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसत असतील. त्यांना ही तरतूद कोणी सांगितली आहे का?

कोणी म्हणेल, पेटीने आईबाप थोडेच परत येतात? नाहीच येत. पण माझ्या आईने माझी जुनी पत्र्याची पेटी रंगवून त्याला दिली, तेव्हा त्याने किल्ली करगोट्याला बांधली. त्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा तोंड उघडून नवी वही मागितली.

– द्वितीय वर्ष, कला