जोखीम असते ती जोडापाशी

रत्नागिरी तालुक्यातील जयगड परिसरात 12 डिसेंबर 2024 रोजी वायुगळती झाली आणि जवळच्या शाळेतील अनेक विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. एलपीजीला वास यावा म्हणून मिसळल्या जाणाऱ्या इथाइल मरकॅप्टनचा हा त्रास असल्याचे सांगण्यात आले. टाकीच्या देखभालीचे काम चालू असताना ही घटना घडली होती. त्याआधी, मार्च 2021 मध्ये, खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. अंजनवेलला द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. या घटनांचा तपास करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु ज्या जिल्ह्यात दाबाखालील पात्रे आणि नळ्या वस्तीच्या इतक्या जवळ आल्या आहेत, तेथील नागरिकांना एका साध्या वाटणाऱ्या भागाची ओळख असणे आवश्यक आहे. तो भाग म्हणजे फ्लँज.

दोन नळ्यांच्या तोंडाशी जाड पोलादी कडी बसवायची, दोन कड्यांमध्ये गॅस्केट ठेवायचे आणि भोवतीने बोल्ट आवळायचे, एवढीच ही रचना. कारखान्यातले फिटर गॅस्केटला पॅकिंग म्हणतात. पात्राची भिंत अखंड असते, वेल्डिंगचा जोड एकदा तपासला की तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. फ्लँजचा जोड मात्र साफसफाईसाठी, दुरुस्तीसाठी पुन्हापुन्हा उघडला जातो. उघडता यावा म्हणूनच तो तेथे असतो, आणि गळतीची शक्यताही त्यामुळेच तेथे अधिक असते.

त्याचे गणित जुने आहे. अमेरिकेतील टेलर फोर्ज कंपनीशी संबंधित अभियंत्यांनी 1937 मध्ये मांडलेली पद्धत पुढे एएसएमईच्या दाबपात्र संहितेत रुजली आणि आजही जगभर तीच वापरली जाते. भारताचे आयएस 2825 हे 1969 चे मानकही याच परंपरेतले. हिशेब कसा होतो, ते एका उदाहरणाने पाहू. गॅस्केटचा परिणामकारक व्यास 500 मिलिमीटर आणि आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो धरला, तर दोन फ्लँज एकमेकांपासून दूर लोटणारे बल सुमारे 19.6 टन भरते. गॅस्केट घट्ट धरून ठेवण्यासाठी आणखी साडेसात टन लागतात. म्हणजे कारखाना चालू असताना बोल्टवर एकूण भार 27 टनांच्या आसपास. पण धातूची पट्टी गुंडाळून केलेले 20 मिलिमीटर रुंदीचे गॅस्केट मुळात नीट बसावे यासाठी, नळीत दाब नसतानाच, जवळजवळ 88 टनांचा भार द्यावा लागतो! वीस बोल्ट असतील तर प्रत्येकी 4.4 टन. सामान्य समजूत अशी की जोडाची कसोटी कारखाना सुरू झाल्यावर लागते. या उदाहरणात ती त्याआधीच, आवळणाऱ्याच्या हातात लागून गेलेली असते.

या सूत्रातही उणिवा आहेत. गॅस्केटसाठी वापरले जाणारे गुणांक 1943 च्या सुमाराचे आहेत. पोलाद तुटणार नाही, याची खात्री हे सूत्र देते. जोड गळणार नाही, याची तितकी देत नाही. बळकट असूनही फ्लँज वाकला तर गॅस्केट एका कडेने सैल पडते. म्हणून हा वाक एका अंशाच्या तीन दशांशाहून अधिक नसावा, अशी ताठपणाची वेगळी तपासणी नंतर जोडली गेली. नळीचे स्वतःचे वजन किंवा तापमानातील फरक मूळ सूत्रात नाहीत. अंजनवेलसारख्या ठिकाणी द्रव वायू उणे 162 अंशांवर असतो. तेथे स्टेनलेस स्टीलची नळी मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आखडते, आणि बोल्ट वेगळ्या धातूचे व कमी आखडणारे असले तर पकड ढिली होते. अशा ठिकाणी शक्य तेथे फ्लँज टाळून वेल्डिंगच करतात.

परंतु गणिताच्या उणिवांपेक्षा मोठा प्रश्न कोकणच्या हवेचा आहे. पान्याने बोल्टला जो पीळ दिला जातो, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. खारे वारे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस असलेल्या या किनाऱ्यावर आटे गंजतात, घर्षण वाढते आणि टॉर्क पाना ठरलेला आकडा दाखवत असतानाही बोल्टमध्ये त्याच्या निम्मासुद्धा ताण उतरलेला नसतो. शेजारचा बोल्ट आवळला की आधीचा थोडा सैल होतो. म्हणून समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत आणि शेवटी पुन्हा एक फेरी मारून आवळायचे असते. शटडाऊनच्या घाईत हे होतेच असे नाही. वर्षाच्या ठरावीक दिवसांत शेकडो जोड उघडायचे, काम कंत्राटी फिटरकडे, आणि उत्पादन कधी सुरू होणार याची विचारणा तासातासाला. अशा वेळी घणाने पाना ठोकून 'झाले' म्हणण्याचा मोह कोणाला होणार नाही?

आपली तपासणी याकडे फारशी पाहत नाही. नवे पात्र आले की नियोजित दाबाच्या सुमारे 1.3 पट दाबाने पाणी भरून चाचणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. ते भिंतीचे आणि वेल्डिंगचे प्रमाणपत्र. त्या दिवशीचा फ्लँजचा जोड नंतर सोडवला जातो, पात्र वाहून आणले जाते, पुन्हा जोडले जाते. आजच्या जोडाविषयी तो कागद काहीच सांगत नाही.

त्यात कायद्याची वाटणी. वाफेच्या बॉयलरसाठी बाष्पके संचालनालय आणि आता 2025 चा बॉयलर कायदा. दाबाखालच्या वायूच्या टाक्यांसाठी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. रासायनिक रिॲक्टर मात्र 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 31 खाली, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. डोंबिवलीत 23 मे 2024 रोजी झालेल्या स्फोटानंतर सुरुवातीला 'बॉयलरचा स्फोट' असे सांगितले गेले आणि मग तो रिॲक्टर होता हे स्पष्ट झाले. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हता. कोणाचा निरीक्षक जबाबदार, हे त्या एका शब्दावर ठरते. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. नव्या व्यवस्थेत दाबपात्रांसंबंधीच्या तरतुदी राबवताना जोडाच्या नोंदीचा विचार करण्यास वाव आहे.

मागणी फार मोठी नाही. बॉयलरवर वेल्डिंग करणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, त्याच्या नावाचे प्रमाणपत्र असते. बोल्ट आवळणाऱ्या फिटरला तशी सक्तीची परीक्षा नाही. युरोपात अशा कामगारांच्या पात्रतेचे स्वतंत्र मानक, ईएन 1591 चा चौथा भाग, 2013 पासून आहे. प्रत्येक धोकादायक जोडाला क्रमांक, कोणते गॅस्केट घातले, बोल्ट नवे की जुने, वंगण कोणते, किती टॉर्क दिला आणि कोणी दिला, एवढी नोंद ठेवायला एक वही पुरते. आणि टाकीची देखभाल कोणत्या दिवशी होणार आहे, हे कुंपणापलीकडच्या शाळेला आदल्या दिवशी कळवायला तर तेवढीही लागत नाही.